छातीतील वेदना : वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी?
तांबरम परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी माहिती

छातीत दुखू लागले की 'पित्त झाले असेल', 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणून आपण अनेकदा वेळ दवडतो. हृदयविकाराच्या झटक्यात हाच वेळ सर्वांत मौल्यवान असतो.

वेदना कशामुळे होते?
हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीच्या थरामुळे अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी रक्त अपुरे पडते व छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटते. यास हृदयशूळ (अंजायना) म्हणतात. विश्रांतीने तो साधारणतः काही मिनिटांत शमतो. धमनीत रक्ताची गुठळी अडकून पुरवठा खंडित झाला, तर स्नायू मरू लागतात. हाच हृदयविकाराचा झटका होय.

तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, जर –
• छातीच्या मध्यभागी जडपणा, दाब वा जळजळ असून ती विश्रांतीनेही थांबत नसेल;
• वेदना डावा हात, खांदा, जबडा, पाठ वा पोटाच्या वरच्या भागाकडे पसरत असेल;
• सोबत थंड घाम, धाप, मळमळ, चक्कर वा विलक्षण थकवा असेल;
• जिभेखाली ठेवण्याची गोळी डॉक्टरांनी दिलेली असून ती घेतल्यावर ५ मिनिटांत आराम पडला नसेल.

स्त्रिया, वृद्ध व मधुमेही व्यक्तींमध्ये छातीतील वेदना सौम्य असू शकते किंवा मुळीच नसते. केवळ धाप, घाम वा अपचनासारखी अस्वस्थता जाणवते. तीही दुर्लक्षू नये.

हृदयशूळ आधीपासून असल्यास
वेदना पूर्वीपेक्षा वारंवार, कमी श्रमाने, अधिक काळ वा झोपेत होऊ लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा व विनाविलंब रुग्णालयात जावे. श्रमाने पहिल्यांदाच दुखून थांबले असले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मदत येईपर्यंत
• रुग्णास बसते करावे, कपडे सैल करावेत. जिने चढू वा चालू देऊ नये.
• रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. जी. एस. टी. मार्गावरील गर्दीत दुचाकीवरून नेणेही टाळावे. १०८ रुग्णवाहिकेची सेवा विनामूल्य असून उपचार वाटेतच सुरू होतात.
• डॉक्टरांनी वा रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी सांगितल्यास अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून घ्यावी. तिचे वावडे किंवा रक्तस्रावाचा त्रास असल्यास आधी सांगावे.
• रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास थांबल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा.

भाषेची अडचण येऊ देऊ नये
तमिळ येत नसल्यास 'नेंजु वली' (छातीत दुखते) एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. घराचा पत्ता व जवळची खूण तमिळमध्ये लिहून दाराजवळ लावून ठेवावी.

कोठे जावे?
तांबरम सॅनेटोरियम येथील शासकीय वक्षरोग रुग्णालयाची सुरुवात १९२८ साली क्षयरुग्णांसाठी झाली. ते मुख्यतः फुप्फुसांच्या विकारांसाठी ओळखले जाते. नावात 'वक्ष' असले तरी झटक्याच्या वेळी कोणते रुग्णालय योग्य, हा निर्णय रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांवर सोपवावा. प्राथमिक आरोग्य केंद्र अगदी जवळ असल्यास तेथेही जाता येते. तमिळनाडू शासनाच्या २०२३ मधील 'इदयम काप्पोम' योजनेनुसार तेथे प्रारंभिक औषधे देऊन रुग्णास पुढे पाठवले जाते.

रुग्णालयात हृदयाचा आलेख (ई. सी. जी.) पोहोचल्यापासून १० मिनिटांत काढला जाणे अपेक्षित असते. गुठळी विरघळवणारे औषध वा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू अधिक वाचतो.

तपासणीनंतर ते पित्तच निघाले, तर संकोच मानू नये. विनाकारण घातलेली एक फेरी परवडते. उशीर परवडत नाही.