गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? पैसे मोजण्याआधी मॉनिटर, एसएमपीएस आणि घरची लाईट तपासा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की आता काही घरांत एक नवीन मागणी पुढे येते. "आबा, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, गेम अडकतोय." वडिलांना कार्ड म्हणजे काय ते ठाऊक नसतं. पोराने यूट्यूबवर पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याला सगळ्यात महागडंच हवं असतं. तालुक्याच्या दुकानात गेलं की दुकानदार शिल्लक असलेला माल पुढे करतो. मग वीस-तीस हजार खर्चूनही गेम पहिल्यासारखाच चालतो आणि घरात भांडण लागतं. हे टाळायचं असेल तर आधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

मोबाईलवरच्या गेमला कार्ड लागत नाही

गावाकडे जास्त खेळले जाणारे बीजीएमआय आणि फ्री फायर हे मोबाईलचे गेम आहेत. मोबाईलचं ग्राफिक्स त्याच्या चिपमध्येच असतं, ते वेगळं बदलता येत नाही. कार्डाचा विषय येतो तो कॉम्प्युटरवरच्या व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या बंदुकीच्या गेमसाठी. पोरगा नेमका कोणता गेम खेळतो, हे घरच्यांनी आधी विचारावं.

कार्ड नेमकं काय करतं?

गेम म्हणजे एका सेकंदात एकामागून एक दाखवलेली चित्रं. त्यांना फ्रेम म्हणतात. एका सेकंदात किती चित्रं तयार झाली, तो आकडा म्हणजे एफपीएस. चित्रं काढण्याचं काम कार्डाचं, पण शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली हा हिशेब प्रोसेसरचा. आणि तयार झालेलं चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचवतो तो मॉनिटर.

साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो, म्हणजे नवीन चित्र यायला जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेच चित्र ७ मिलिसेकंदात येतं. समोरचा खेळाडू भिंतीआडून बाहेर आला की तो आधी कोणाला दिसतो, यावरच असे गेम जिंकले-हरले जातात. कार्ड ३०० चित्रं काढत असलं तरी ६० हर्ट्झचा मॉनिटर ६०च दाखवणार. साडेसात एचपीची मोटार बसवून दीड इंची पाइप जोडला तर पाणी किती येणार, तसाच हा प्रकार. म्हणून जुना मॉनिटर तसाच ठेवून भारी कार्ड घेण्यात अर्थ नाही.

खर्चाआधी फुकटची चाचणी

गेम अडकतो म्हणजे कार्डच कमी पडतं असं नाही. ते घरीच तपासता येतं.

१. गेमच्या सेटिंगमधून एफपीएसचा आकडा स्क्रीनवर लावावा. व्हॅलोरंटमध्ये तो व्हिडिओ सेटिंगच्या स्टॅट्समध्ये मिळतो.
२. आता रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स एकदम कमी करून पुन्हा खेळून पाहावं.
३. आकडा बराच वाढला तर आधी कार्ड कमी पडत होतं. आकडा होता तिथेच राहिला तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची आहे. अशा वेळी नवीन कार्ड टाकूनही फरक पडणार नाही.

रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकल्याने फरक पडतो आणि त्याचा खर्च कार्डापेक्षा कमी असतो. स्पर्धा खेळणारे मोठे खेळाडूसुद्धा ग्राफिक्स खालच्या सेटिंगवर ठेवतात. त्यांना चित्राच्या सौंदर्यापेक्षा वेग महत्त्वाचा असतो.

कोणत्या गेमला किती ताकद?

व्हॅलोरंट हलका गेम आहे. १४४ एफपीएससाठी कंपनीने सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, आणि ते कार्ड २०१६ सालचं. रायझन ५ ५६००जी सारख्या, आतच ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर तर हा गेम कमी सेटिंगवर वेगळ्या कार्डाशिवाय खेळता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक २ मात्र जड आहे. त्याला कार्डही बरं लागतं आणि प्रोसेसरही.

ढोबळ हिशेब असा:

– फक्त व्हॅलोरंट, कमी बजेट: जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल.
– काउंटर-स्ट्राइक २ आणि १४४ हर्ट्झ मॉनिटर: आरएक्स ६६०० किंवा त्या ताकदीचं कार्ड.
– २४० हर्ट्झ मॉनिटर, चांगला प्रोसेसर आणि स्पर्धेची तयारी: आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०. फुल एचडी स्क्रीनवर या गेमसाठी यापुढे जायची गरज सहसा पडत नाही.

दुकानात "चार जीबीचं कार्ड आहे" असं सांगितलं जातं. पण जीबी म्हणजे मेमरी, ताकद नव्हे. २०१४ साली आलेलं जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचंच, पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रॉली मोठी जोडली म्हणून ट्रॅक्टरचा एचपी वाढत नाही. त्यामुळे मॉडेलचा पूर्ण नंबर विचारावा.

एसएमपीएस आणि लाईट

गावाकडे खरा घोटाळा इथेच होतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं असल्याने त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०६० ला १४५. या दोन्हींसाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, तेवढे तो देईलच असं नाही. तो उडाला तर सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. '८० प्लस' चं मानांकन असलेला, माहितीच्या कंपनीचाच घ्यावा.

शहरातल्या ऑफिसातून आलेले जुने ब्रँडेड कॉम्प्युटर गावात स्वस्तात मिळतात. त्यांच्या एसएमपीएसला कार्डाची वायर बहुतेक वेळा नसते आणि कॅबिनेटही बारीक असतं. त्यात बसेल असं कमी उंचीचं, वायर न लागणारं कार्डच पाहावं.

व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर यूपीएस घ्यावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजावं आणि ते वायरमनकडून आधी करून घ्यावं. यात कार्डापेक्षा पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. मळणीच्या दिवसांत धुळीने पंखे भरतात. कॉम्प्युटर बंद करून ते ब्लोअरने साफ करावेत.

जुनं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावर चालणारं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र चाललेली कार्डं जुन्या बाजारात आली. काही ठिकाणी जुनाट कार्डावर नवीन नंबरचं सॉफ्टवेअर टाकूनही विकतात. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की अशी बरीच बनावट कार्डं ओळखू येतात. आपल्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांना कंपनीने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये थांबवलं आहे, हेही भाव करताना लक्षात ठेवावं. नवीन कार्ड घेतल्यास पक्कं बिल आणि बिलावर सिरीयल नंबर घ्यावा. नाहीतर वॉरंटीसाठी हेलपाटे ठरलेले.

कार्ड बसवल्यावर या दोन चुका नकोत

मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, तर कार्डालाच जोडावी. अनेक जण हीच चूक करतात आणि कार्ड रिकामं बसून राहतं. दुसरं, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन १४४ हर्ट्झ निवडावं. नाहीतर महागडा मॉनिटरही ६० वरच चालतो.

नेटचं दुखणं कार्डाने जात नाही

आपण गोळी मारली पण ती उशिरा लागली, खेळाडू उड्या मारत सरकला, तर तो पिंगचा दोष असतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटपेक्षा फायबरच्या वायरने खेळल्यास पिंग स्थिर राहतो. गावात फायबर नसेल तर आधी त्याची चौकशी करावी.

राहिला प्रश्न कमाईचा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा प्रकारांत जागा दिली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानेही ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. यातून पोट भरणारे मात्र थोडेच. म्हणून कर्ज काढून किंवा बियाण्याच्या पैशातून कार्ड घेऊ नये.

घ्यायचंच ठरलं तर क्रम असा ठेवावा: आधी अर्थिंग आणि नेट, मग फुकटची चाचणी, मग रॅम आणि मॉनिटर, त्यानंतर एसएमपीएस आणि सगळ्यात शेवटी कार्ड. या क्रमाने गेल्यावर अनेकांना कार्डाची गरजच उरत नाही, आणि ज्यांना उरते त्यांना किती ताकदीचं घ्यायचं ते कळलेलं असतं.