घरी बनवलेल्या स्पीकरची पेटी : साहित्य कोणते निवडावे?

स्पीकर घरीच तयार करायचा ठरला की बहुतेकांचा सगळा विचार युनिटभोवती फिरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन पारखून युनिट आणले जाते. पेटी मात्र सुताराकडे शिल्लक असलेल्या फळ्यांतून उरकली जाते. मग चांगले युनिटही घुमू लागते, भाषणातील शब्द एकमेकांत मिसळतात आणि एखाद्या पावसाळ्यात पेटीचे सांधे सुटतात. पैसा पैसा साठवून हा उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याचे असे नुकसान होऊ नये, म्हणून पेटीच्या साहित्याविषयी काही उपयुक्त माहिती आम्ही येथे देत आहोत.

पेटीचे काम

युनिटचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन परिणाम एकत्र आले की खर्जाचे स्वर एकमेकांना मारून टाकतात. म्हणूनच पेटीविना वाजणारे युनिट पातळ, किरटे वाटते. मागचा आवाज कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम. स्वतः न वाजणे हे दुसरे.

हे दुसरे काम आपण विसरतो. ‘सागवानी पेटीचा आवाज गोड’ असे म्हटले जाते. सतारीचा भोपळा आणि तबली वाजलीच पाहिजेत, कारण सतार हे वाद्य आहे. स्पीकर हे वाद्य नव्हे. त्याने सतार, तबला आणि माणसाचा गळा जसाच्या तसा ऐकवायचा असतो. पेटीने आपला सूर मिसळला, तर प्रत्येक आवाजाला तोच एक रंग चढतो.

थोडे गणित करून पाहू. आठ इंची युनिटच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर असते. १८ इंच उंच आणि १० इंच रुंद अशी पेटीची एकच बाजू सुमारे ११६० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे पडद्याच्या पाचपटीहून अधिक. एवढा मोठा पृष्ठभाग किंचित थरथरला तरी ऐकू येतो.

तीन गुण पाहावेत

पहिला गुण ताठपणा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी त्याच प्रकारची १८ मिलिमीटरची फळी घेतली तर वजन दीडपट होते, पण ताठपणा सुमारे ३.४ पट होतो. दुसरा गुण वजन. जड फळी हलवणे कठीण. तिसरा गुण कंपन जिरवण्याचा. बोटाच्या पेराने ठोकल्यावर ‘ठक्’ असा तुटक आवाज आला तर फळी चांगली. आवाज रेंगाळला तर ती पुढेही रेंगाळणार.

कोणते साहित्य कसे?

सागवान, शिसवी यांसारखे अखंड लाकूड देखणे खरे, पण ते हवेतील ओलाव्यानुसार रेषांना आडव्या दिशेने फुगते व आक्रसते. रुंद फळ्यांची पेटी त्यामुळे तडकू शकते. अखंड लाकूड आतल्या पट्ट्यांसाठी वापरावे. शोभेसाठी बाहेरून सागाचे विनियर पुरते.

पार्टिकल बोर्ड स्वस्त व बऱ्यापैकी जड असतो, पण पाणी लागले की फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात स्क्रूची पकडही कमी असते.

एमडीएफ सर्वत्र एकसारखा असतो, आत पोकळी नसते, कापही स्वच्छ येतो. त्याची घनता घनमीटरला साधारण ७०० ते ७५० किलो असते. आधी छिद्र न पाडता कडेत स्क्रू पिळला तर तो फाटतो. कापलेल्या कडा ओल ओढून घेतात, म्हणून त्या प्रायमर लावून बंद कराव्यात.

प्लायवूडमध्ये शेजारच्या थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्याने ते वजनाच्या मानाने ताठ असते आणि फारसे फुगत नाही. सर्वसाधारण प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके आहेत. स्वस्त मालात थरांमध्ये पोकळ्या राहतात व तेथे खरखर उमटते. त्यासाठी विकत घेताना कापलेली कड नीट पाहावी.

माठावर स्पीकर बसवण्याची युक्तीही अनेकांनी पाहिली असेल. माठाची गोल भिंत ताठ असते, पण आतली हवा एका ठरावीक सुरात घुमते. त्या घुमण्यालाच पुष्कळ लोक ‘बेस’ समजतात. पिंजलेला कापूस भरल्यास ते काहीसे कमी होते.

जाड भिंत हाच एकमेव मार्ग नव्हे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर पातळ बर्च प्लायवूडचा केला आणि भिंतींना आतून कंपन जिरवणारे थर लावले. व्हार्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी तर प्लायवूडच्या दोन थरांमध्ये वाळू भरली होती.

आमची शिफारस

कोकणात, मुंबईत किंवा ओल येणाऱ्या घरात १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. कोरड्या हवेच्या भागात एमडीएफ चालेल. वर सांगितलेल्या उंचीच्या व रुंदीच्या, १० इंच खोलीच्या दोन पेट्यांना सुमारे १३ चौरस फूट फळी लागते. आठ बाय चारच्या शीटचा अर्धा भाग त्याला पुरेसा आहे. वाचलेल्या पैशात भारी लाकूड घेण्यापेक्षा समोरासमोरच्या बाजू जोडणारी आडवी पट्टी लावावी, प्रत्येक सांधा गोंदाने हवाबंद करावा आणि आत कापूस भरावा. आवाजात पडणारा फरक लाकडाच्या नावापेक्षा या कामाने अधिक पडतो.

एक सूचना महत्त्वाची. लाकडाचा भुसा १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवला आहे. कापताना व घासताना तोंडावर धूळ रोखणारा मास्क असावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

पेटी पूर्ण झाल्यावर प्रथम गाणे लावू नये. ओळखीच्या माणसाचे बोलणे लावावे आणि पेटीच्या बाजूंवर हात ठेवावा. हाताला थरथर जाणवली तर आणखी एक पट्टी लावावी. शब्द स्पष्ट आला आणि तो माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटले, तर पेटी साधली असे समजावे.