शोधलेखांतील आकृति व त्या काढण्याच्या साधनांची निवड

पत्रसंग्रहाचा कालानुक्रम, पोथीच्या प्रतींचा वंशवृक्ष, मोहिमेचा मार्ग किंवा शिक्क्याचा ठसा वाचकांपुढें मांडावयाचा झाल्यास शोधलेखाबरोबर आकृति द्यावी लागते. पूर्वीं हें काम चितारी व ठसे करणारा कारागीर यांजकडे असे; हल्लीं तें बहुधा लेखकासच संगणकावर करावें लागतें. त्यासाठीं इतकीं सॉफ्टवेअर निघालीं आहेत कीं, कोणतें घ्यावें हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. नक्कल करणाऱ्याच्या हातून मूळ पत्रांतील एक अक्षर बदललें तर केवढा अनर्थ होतो, हें संग्राहकांस सांगावयास नको. आकृति काढणारें सॉफ्टवेअर हेंहि एका अर्थीं नक्कलनवीसच होय. सबब मूळ पुराव्यापासून छापील आकृतीपर्यंतची प्रत्येक पायरी ज्यांत मागाहून तपासतां येईल तें साधन उत्तम, ही कसोटी धरून पुढील विवेचन केलें आहे.

[१] आकृतीच्या दोन जाति

संगणकावरील आकृति दोन जातींच्या असतात. पहिली बिंदुमय. पत्राचें किंवा नाण्याचें छायाचित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. ठिपक्यांची संख्या एकदां ठरली कीं चित्र मोठें केल्यानें तपशील वाढत नाहीं. दुसरी रेखामय. हिच्यांत रेषांचीं टोकें, वळणें व जाडी आंकड्यांनीं सांठविलेलीं असल्यामुळें ती कितीहि मोठी केली तरी रेषा फुटत नाहीं. नियतकालिकें सामान्यतः छायाचित्रास इंचास ३०० ठिपके मागतात, व रेषाचित्र बिंदुमय दिल्यास पुष्कळदां १२०० पर्यंत मागतात. साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या स्तंभांत बसणाऱ्या छायाचित्राची रुंदी यावरून सुमारें १००० ठिपके, तर रेषाचित्राची सुमारें ४००० ठिपके येते. नकाशा, आलेख व वंशवृक्ष रेखामय ठेविले म्हणजे हा हिशेबच करावा लागत नाहीं.

छायाचित्रासंबंधीं एक पथ्य अवश्य पाळावें. जेपेग रूपांत सांठवितांना चित्रांतील कांहीं तपशील टाकून दिला जातो, व फार आवळल्यास मोडी अक्षरांच्या बारीक फरांट्यांभोंवतीं धुरकट डाग उमटतात. म्हणून मूळ चित्र टिफ् रूपांत राखून त्यास हात लावूं नये. छपाईसाठीं निराळी प्रत करावी. ‘जिंप’ अथवा ‘इमेजजे’ यांच्या साहाय्यानें उजेड कमीजास्त करावयाचा तर तो सबंध चित्रावर सारखा करावा. पुसट अक्षर तेवढेंच ठळक करणें हें दस्तांत नवें अक्षर घालण्यासारखेंच आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकानें स्वीकृत लेखांतील चित्रें अशा फेरफारासाठीं तपासण्याचा परिपाठ २००२ सालीं सुरू केला. कागदपत्रांच्या अभ्यासकांनींहि तो उचलण्याजोगा आहे.

[२] कोणत्या कामास कोणतें साधन

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या आदिपर्वास डॉ. वि. सी. सुकठणकर यांनीं १९३३ सालीं जी प्रस्तावना जोडली, तींत पाठपरंपरांचा वंशवृक्ष दिलेला आहे. अशा वृक्षांतील प्रत्येक रेषा हें एक स्वतंत्र विधान असतें. तो काढण्यास ‘ग्राफविझ’ हें साधन योग्य. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली एवढें ओळीओळीनें लिहून दिलें कीं मांडणी तें स्वतः करितें. नवी पोथी सांपडल्यास एक ओळ वाढविली कीं काम भागतें.

नकाशासाठीं ‘क्यूजीआयएस’ घ्यावें. जुन्या नकाशावरील ओळखीच्या स्थळांस अक्षांश-रेखांश देऊन तो आजच्या नकाशावर बसविण्याची सोय त्यांत आहे. आंकड्यांच्या आलेखासाठीं ‘आर’, पायथन भाषेंतील ‘मॅटप्लॉटलिब’ व १९८६ पासून चालत आलेलें ‘ग्नूप्लॉट’ हीं तीन साधनें प्रसिद्ध आहेत. यांत आलेख हातानें ओढावयाचा नसून आज्ञा लिहावयाच्या असतात. त्या आज्ञा व मूळ आंकड्यांची यादी हीं दोन्ही जपलीं म्हणजे दुसरा संशोधक तीच आकृति पुन्हां काढून आपली चूक दाखवूं शकतो. शिकण्यास वेळ लागतो, हा यांचा दोष खरा. शिक्क्याचें रेखाटन किंवा किल्ल्याचा साधा आराखडा ‘इंकस्केप’मध्यें हातानें काढावा, पण आंकड्यांचा आलेख तसा काढूं नये, कारण हातून एखादा बिंदु सरकला तर तो कोणासहि कळत नाहीं.

[३] तारखांची अडचण

इतिहासाभ्यासकास सर्वांत मोठा धोका येथें आहे. पुष्कळांच्या संगणकावर असलेल्या ‘एक्सेल’ची कालगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १९०० हें वर्ष प्लुतवर्ष नसतांहि त्या गणनेंत २९ फेब्रुवारी १९०० हा कधींहि न उगवलेला दिवस आहे. १९०० पूर्वीची तारीख तें तारीख न मानतां नुसतीं अक्षरें मानतें, व आलेखाच्या अक्षावर सारख्या अंतरानें मांडतें. शायिस्तेखानावरील छापा (५ एप्रिल १६६३), आग्र्याहून सुटका (१७ ऑगस्ट १६६६) व राज्याभिषेक (६ जून १६७४) या तीन घटना अशा रीतीनें मांडल्यास पहिलें अंतर सव्वातीन वर्षांहून थोडें अधिक व दुसरें साडेसात वर्षांहून अधिक असतां आकृतींत दोन्ही अंतरें सारखीं दिसतात. पत्रसंग्रहांतील प्रदीर्घ खंड याच रीतीनें नाहींसे होतात, आणि पत्रव्यवहार अखंड होता असा खोटा निष्कर्ष निघतो.

‘आर’ व पायथन यांत जुन्या तारखा चालतात. परंतु तीं साधनें ग्रेगोरियन गणनाच मागें लांबवितात. वरील तिन्ही तारखा जुन्या ज्यूलियन पद्धतीच्या आहेत. राज्याभिषेकाची ग्रेगोरियन तारीख १६ जून १६७४ येते. पोर्तुगालनें नवी गणना १५८२ सालीं स्वीकारली, इंग्लंडनें १७५२ सालीं. अर्थात् सतराव्या शतकांतील गोव्याचे पोर्तुगीज कागद व सुरतेच्या इंग्रज वखारीचीं पत्रें एका अक्षावर तशींच मांडलीं तर दहा दिवसांची चूक होते, व कोणतेंहि सॉफ्टवेअर ती आपण होऊन सांगत नाहीं. म्हणून यादींत मूळ कागदांतील मिति एका रकान्यांत जशीच्या तशी ठेवून शोधलेली तारीख दुसऱ्या रकान्यांत लिहावी.

[४] देवनागरी व टिकाऊपणा

कांहीं साधनांस देवनागरी जोडाक्षरें जुळवितां येत नाहींत. पहिली वेलांटी अक्षरामागून पडते व रफार भलतीकडे जातो. साधन पसंत करण्यापूर्वीं ‘शिक्का’, ‘ज्येष्ठ’, ‘कार्तिक’ हे शब्द आकृतींत घालून पाहावे. ‘इंकस्केप’ या परीक्षेंत उतरतें. मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें. तरी मोडी अक्षरें घातल्यास आकृतीबरोबर टंकहि जोडावा, नाहींतर दुसऱ्याच्या संगणकावर रिकामे चौकोन दिसतात.

शेवटीं टिकाऊपणा. ‘फ्रीहँड’ हें एके काळीं चित्रकारांचें आवडतें साधन होतें. त्याची मालक कंपनी अडोबीनें २००५ मध्यें विकत घेतली व २००७ मध्यें त्याची पुढील वाढ थांबविली. त्या रूपांत सांठविलेलीं चित्रें उघडणें पुढें कठीण झालें. यास्तव ज्याची रचना सर्वांस खुली आहे असें एसव्हीजी रूप रेखाचित्रास, व जतनासाठीं मुद्दाम ठरविलेलें पीडीएफ-ए हें रूप छापील प्रतीस स्वीकारावें.

तात्पर्य, आकृति छापून आल्यावर मूळ यादी, आज्ञांचा कागद, राखीव छायाचित्र व अखेरची आकृति अशीं चारहि एका रुमालांत बांधल्याप्रमाणें एकत्र ठेवावीं व त्यांवर दिवस व साधनाची आवृत्ति नोंदवावी. पन्नास वर्षांनीं आपली आकृति कोणी खोटी ठरविली तरी हरकत नाहीं; ती कशावरून काढली हें मात्र त्यास शोधीत बसावें लागूं नये.