मागच्या दारचे स्वयंपाकघर: थाई घरांतील ओटा, फरशी आणि वारा

थाई शैलीचे स्वयंपाकघर म्हटले की सागवानी कोरीवकाम, बांबूचे पडदे आणि एखादी बुद्धमूर्ती एवढ्यावरच सजावटकारांची कल्पना थांबते. वस्तुतः बुद्धमूर्ती शोभेची वस्तू म्हणून मांडणे हा थायलंडमध्ये अनादर समजला जातो आणि चुलीच्या धुरात ती ठेवणे तर त्याहून अनुचित ठरते. या शैलीचे खरे स्वरूप नक्षीकामात नाही. धूर कोठून बाहेर जाईल, सांडलेले पाणी कोठे वाहील आणि दगडी खलात वाटण कुटताना बसणारे आघात कशाने पेलले जातील, या तीन प्रश्नांना तेथील गृहरचनेने पिढ्यान्‌पिढ्या जी उत्तरे दिली, त्यांतून हे स्वयंपाकघर घडले आहे.

मध्य थायलंडमधील खांबांवर उभारलेल्या पारंपरिक लाकडी घरात ‘ख्रुआ फाय’, म्हणजे चुलीची खोली, राहत्या खोल्यांपासून वेगळी असे आणि ‘चान’ नावाच्या उघड्या लाकडी अंगणाने ती उर्वरित घराशी जोडलेली असे. तिच्या भिंती मुद्दाम फटी राखून रचलेल्या असत, तर छपराखालच्या त्रिकोणी तोंडावर उगवत्या सूर्याच्या किरणांची आकृती बसवून त्या किरणांमधील मोकळ्या जागांतून धुराला वाट करून दिली जाई, त्यामुळे एकच रचना शोभेचे आणि धुराड्याचे अशी दोन्ही कामे करी. लाकडी जमिनीला आग लागू नये म्हणून चौकटीत माती भरून तिच्यावर मातीची शेगडी मांडली जाई, आणि जमिनीच्या फळ्यांमध्येही अंतर असल्याने सांडलेले पाणी आपोआप खाली निघून जाई. अशा घरात फरशीची गरजच नव्हती. विटा-सिमेंटची घरे आली, तेव्हा त्या फटींचे काम टाईलला आणि उताराला करावे लागले.

आजच्या थाई घरांत, विशेषतः बँकॉकभोवतीच्या वसाहतींत, पुष्कळदा दोन स्वयंपाकघरे आढळतात. आतले ‘ख्रुआ फरंग’, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचे, चहा-कॉफी आणि गरम करण्यापुरते असते. खरा स्वयंपाक घराच्या मागील बाजूस, अर्धवट उघड्या ‘ख्रुआ थाय’मध्ये होतो. तापलेल्या तेलात मिरची-लसणाची फोडणी पडली की उठणारा ठसका आणि ‘कपि’ या कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याचा उग्र वास बंद खोलीत दिवसभर रेंगाळतो, हे या विभागणीचे साधे कारण आहे. म्हणूनच मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत भोके असलेले सिमेंटचे ठोकळे किंवा काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या बसवतात. असे स्वयंपाकघर अन्यत्र बांधू इच्छिणाऱ्याने महागड्या टाईलपूर्वी या हवेच्या वाटेचा विचार केला पाहिजे, कारण ती चुकली तर पुढची सारी सजावट तेलकट थराखाली जाते.

येथील ओटा सहसा पक्का असतो. विटांच्या आडव्या भिंतींवर सिमेंटची लादी ओतून किंवा तयार लादी बसवून तो उभा करतात आणि त्यावर टाईल लावतात. दमट हवा, वाळवी आणि सततचे पाणी यांपुढे भुशाच्या फळ्यांची कपाटे टिकत नाहीत, हा अनुभव त्यामागे आहे. शेगडीची जागा उरलेल्या ओट्यापेक्षा खाली घेण्याची पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण खोल कढईचा काठ त्यामुळे हाताच्या सोयीच्या उंचीवर येतो आणि परतताना खांदा उचलावा लागत नाही. ओट्याची खोली साधारण ६० सेंटिमीटर असल्यास ६० सेंटिमीटर चौरस टाईल पुढून मागपर्यंत एकसंध बसते. आडवा सांधा उरत नाही आणि मळ साचण्याची एक जागा कमी होते.

टाईल निवडताना ती किती पाणी शोषते हे पाहणे आवश्यक असते. पोर्सेलिन या वर्गातील टाईल वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही, तर भिंतीसाठीच्या साध्या सिरॅमिक टाईलचे शोषण १० टक्क्यांच्या वर असते; म्हणून ओट्यावर आणि जमिनीवर पहिली, तर शेगडीमागच्या भिंतीवर दुसरीही चालते. हळदीचा डाग मात्र टाईलपेक्षा सांध्यात अधिक मुरतो आणि दक्षिण थायलंडच्या पाककृतींत ताज्या हळदीचा वापर भरपूर असल्याने सिमेंटच्या सांध्याऐवजी इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन कडक होऊन बनणारा, पाणी न शोषणारा सांधा भरणे श्रेयस्कर ठरते. मराठी घरांतही हा सल्ला तितकाच लागू पडतो. जमिनीसाठी खरबरीत पृष्ठभाग घ्यावा आणि १ मीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार मोरीकडे द्यावा. सी सत्चनालय येथील जुन्या भट्ट्यांची आणि आजच्या चियांग मायची हिरवट सेलाडॉन झिलई मन मोहून घेते, पण तिच्यातील केसाएवढ्या भेगांत तेल आणि रंग शिरतात, त्यामुळे अशा टाईलचा पट्टा शेगडीपासून दूर लावणेच योग्य.

टाईल चांगली असूनही ओटा फुटतो, तेव्हा दोष बहुधा खालच्या थरात असतो. टाईलच्या पाठीवर मध्यभागी मसाल्याचा गोळा ठेवून ती दाबून बसवण्याच्या रीतीला थाई गवंडी ‘सालापाव’, म्हणजे वाफवलेला पाव, म्हणतात. या रीतीने काम झपाट्याने होते, परंतु कोपऱ्यांखाली पोकळी राहते. चोनबुरी प्रांतातील आंग सिला येथील ग्रॅनाइटचा जड खल अशा पोकळीवर ठेवून आमटीचे वाटण कुटले की टाईल तडकलीच म्हणून समजावे. दातेरी थापीने चिकटद्रव्य संपूर्ण पृष्ठभागावर पसरणे, खलाची जागा ओट्याखालच्या भिंतीच्या बरोबर वर ठरवणे आणि खलाखाली घडी केलेले कापड ठेवणे, हे उपाय स्वस्त आहेत.

याहून गंभीर प्रश्न बँकॉकच्या भूगर्भाचा आहे. शहराखाली मऊ चिकणमातीचा जाड थर असल्यामुळे मूळ घर खोल खुंट्यांवर उभे करतात, परंतु मागाहून जोडलेले स्वयंपाकघर अनेकदा आखूड खुंट्यांवर बांधले जाते आणि मूळ घरापेक्षा लवकर खचते. दोन्ही बांधकामे एकमेकांत घट्ट गुंतवली असतील, तर खचणारा भाग मूळ भिंतीला ओढतो आणि टाईलवर तिरप्या भेगा उमटतात. त्यामुळे जाणकार बांधकाम करणारे नवी चौकट जुन्या भिंतीपासून सुटी ठेवतात, मधली फट लवचीक पदार्थाने भरतात आणि त्या रेषेवरून एकही टाईल आडवी जाऊ देत नाहीत. तो लवचीक भराव काही वर्षांनी सुकून सुटला की पावसाळ्याआधी खरवडून पुन्हा भरावा लागतो, आणि हे काम घरातील कोणालाही करता येते.