मस्टर, चलन आणि नेमणूकपत्र : नगरच्या छोट्या उद्योगांचा कामगार कायदा

दिवाळी तोंडावर आली की नागापूरच्या एमआयडीसीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, बोनस. पाच-पंचवीस माणसांच्या शेडचा मालकही हिशेबाला बसतो, मागच्या वर्षी किती दिला होता ते विचारतो, त्यावर थोडे चढवतो आणि आकडा ठरवतो. बोनसच्या कायद्यात मात्र दिवाळीचं नावही नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर धरणाऱ्यांनी ३० नोव्हेंबरपर्यंत, पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के द्यायचे, एवढंच कायदा म्हणतो. आणि हे बंधन साधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला. बाराजणांचा मालक खुशीने देतो, त्याचं कौतुकच. पण पंचवीसजणांचा मालकही तीच रक्कम ‘खुशी’ म्हणून देतो, तेव्हा तो एक देणं बुडवत असतो आणि बहुतेकदा त्याला ते ठाऊकही नसतं.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच आहे. इथली कारखानदारी दोन वाटांनी वाढली. एक वाट साखरेची. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. दुसरी वाट यंत्रांची. फिरोदियांच्या किनेटिकची लूना नगरमध्ये तयार होऊ लागली. पुढे एल अँड टी, क्रॉम्प्टन, एक्साइड आले. त्यांना सुटे भाग, जॉबवर्क, पॅकिंग पुरवणारी छोटी वर्कशॉप्स त्यांच्या सावलीत वाढली. आता सुपे-पारनेर पट्ट्यात जपानी उद्योगांसाठी क्षेत्र राखलं आहे. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या मोठ्या कारखान्याला कामगार कल्याण अधिकारी नेमणं कायद्यानेच भाग होतं. वर्कशॉपवाल्याकडे खरेदी, विक्री, बँक आणि भांडण हे सगळं एकच माणूस बघतो, तो स्वतः.

त्याच्या मदतीला कोण असतं? ‘पीएफचं काम बघणारे’ एक गृहस्थ. महिन्याला ठरलेली फी घेतात, मस्टर आणि पगारपत्रक लिहून देतात, चलन काढतात, कुणी तपासणीला आलं तर सोबत उभे राहतात. या माणसांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते नसते तर निम्मे मालक केव्हाच अडचणीत आले असते. पण त्यांचं काम महिना संपल्यावर सुरू होतं. माणूस कामावर घेताना, त्याचा पगार बांधताना, त्याला काढताना त्यांना कुणी विचारत नाही. आणि कज्जे नेमके त्याच तीन ठिकाणी उभे राहतात.

पगार बांधण्याचंच घ्या. मूळ पगार कमी दाखवायचा, बाकी भत्त्यांत घालायचं आणि पीएफ वाचवायचा, ही जुनी युक्ती. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरायचे. वेतन संहितेने पुढचं पाऊल टाकलं : वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. वीस हजारांत मूळ आठ आणि वगळण्याजोगे भत्ते बारा दाखवले, तरी वेतन दहा हजार धरलं जाईल.

दुसरी युक्ती म्हणजे कामगारसंख्या कमी दिसावी म्हणून बायकोच्या नावावर दुसरी फर्म. पंधरा कामगार इकडे, बारा तिकडे, शेड एक, मीटर एक, मालक एक. पीएफ कार्यालय अशा फर्म एकत्र मोजतं आणि कंत्राटदाराची माणसंही त्याच मोजणीत येतात. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा उशिरा भरला तर तो खर्च म्हणून प्राप्तिकरात वजा मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी दिला. कापून घेतला आणि भरलाच नाही, तर प्रकरण थेट फौजदारी विश्वासघाताचं होतं. पीएफच्या सुनावणीसाठी नगरच्या मालकाला नाशिकचा रस्ता धरावा लागतो; त्या दिवशीचं उत्पादन बुडतं ते वेगळंच.

सगळ्यात महाग पडतं ते एक वाक्य : ‘उद्यापासून येऊ नको.’ रागाच्या भरात, फोनवर, कधी कंत्राटदाराच्या तोंडून. कामगार चुकलेला असेलही. दारू पिऊन आला असेल, माल चोरला असेल. पण आरोपपत्र नाही, खुलासा मागवला नाही, चौकशी नाही. मग मालकाकडे सांगायला खरं असतं आणि दाखवायला काही नसतं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली कामगार नव्वद दिवसांत तक्रार करू शकतो. माणसाला वर्षानुवर्षं ‘टेंपररी’ ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं, हीही त्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. काम कमी झालं म्हणून काढायचं असेल, तर वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन द्यावं लागतं. त्याच दिवशी हे पैसे देणारा मालक सुटतो. न देणारा चार-सहा वर्षांनी मागच्या पगारासकट देतो, वर वकिलाची फी. माझ्या मते नगरच्या लघुउद्योगाला कायद्यापेक्षा हा राग जास्त महाग पडला आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. छोट्या मालकाला यात सवलती खूप आहेत. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली, स्थायी आदेश आणि कपातीची पूर्वपरवानगी तीनशे किंवा अधिक कामगार असले तरच. राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने कायद्याची मर्यादा दहावरून वीस करण्याचा निर्णय घेतला. हे ऐकून ‘आता आपल्याला काहीच लागू नाही’ असं म्हणणारे भेटतात. ते घाईत आहेत. किमान वेतन एका नोकराच्या दुकानालाही लागू आहे, कापडबाजारातल्या सेल्समनलाही. नेमणूकपत्र आता सक्तीचं आहे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी द्यायची आहे. माणूस सोडून गेला किंवा काढला, तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवी. मोजायचे ते सगळे कर्मचारी. ऑफिसात एकच बाई असली तरी.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तर चहा पिता पिता होतो. शेवटचं मासिक वेतन १५,६०० असेल तर २६ ने भागून ६००, गुणिले पंधरा म्हणजे वर्षाला ९,०००. बारा वर्षांचे १,०८,०००. दरवर्षी बाजूला ठेवले तर जाणवत नाहीत. जाताना एकदम मागितले की दोघांचे संबंध बिघडतात.

जिल्ह्यातला मोठा श्रम या चौकटीत नीट बसतच नाही. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड कामगार मुकादमाच्या उचलीवर जातो, नगर-संगमनेरच्या विडी कामगार बाया घरी बसून विड्या वळतात. मालाची चढउतार करणाऱ्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे आणि तो राज्याचा असल्याने या संहितांत विलीन झालेला नाही. त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता मदतीचं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, आणि ते योग्यच आहे. पंधरा माणसांच्या मालकाला तसा आधार नाही. ब्रिटनमध्ये एकास नावाची सार्वजनिक संस्था १९७० च्या दशकापासून मालक आणि कामगार दोघांनाही फुकट सल्ला देते; २०१४ पासून तर बहुतेक दाव्यांआधी तिच्याकडे कळवावंच लागतं. आपल्याकडे कामगार कार्यालयात समेट अधिकारी असतो, पण त्याच्याकडे जायचं ते भांडण झाल्यावर. नव्या संहितांनी निरीक्षकाला ‘सुविधाकार’ हेही नाव दिलं आहे. सल्ला विचारायला त्याच्या दारात स्वतःहून किती मालक जातील, याची मला शंकाच आहे.

एक वाट मात्र कायद्यातच आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ नुसार मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी सभासदाच्या वतीने उभा राहू शकत होता. औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद टिकली आहे. नगरला ‘आमी’सारखी उद्योजकांची संघटना आहे, तालुक्यांच्या वसाहतींतही उद्योजक एकत्र येतात. रस्ते, पाणी आणि वीज यांची निवेदनं त्या देतातच. त्यांनी आता वर्गणीतून एक जाणकार कामगार-कायदा सल्लागार नेमावा, मराठीतला नेमणूकपत्राचा आणि आरोपपत्राचा नमुना सभासदांना द्यावा, आणि कुणाला कामावरून काढण्याआधी त्या सल्लागाराला एक फोन करण्याची सवय लावावी. संघटनेच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय मांडा.