ट्रम्प जिंकले आणि काडतुसांचा खप पडला

अमेरिकेत रिपब्लिकन अध्यक्ष निवडून आला की आपल्याकडच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आता बंदूकवाल्यांची चांदी!' वाहिन्यांवरचे जाणकार ते म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका ते फॉरवर्ड करतात आणि न्यू जर्सीत अर्धं आयुष्य काढलेले मराठी लोकही ते ठासून सांगतात. तर्क दिसायला सरळ आहे. सरकार बंदूकधार्जिणं, म्हणून विक्री जास्त, म्हणून काडतुसांचे कारखाने तिन्ही पाळ्यांत सुरू. अडचण एवढीच, की घडतं याच्या बरोबर उलट.

नोव्हेंबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प जिंकले. नॅशनल रायफल असोसिएशनने त्यांच्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्मिथ अँड वेसन आणि स्टर्म रुगर या दोन बड्या बंदूक कंपन्यांचे शेअर १४-१५ टक्क्यांनी गडगडले. स्मिथ अँड वेसनच्या मूळ कंपनीची वार्षिक विक्री त्या आर्थिक वर्षात ९० कोटी डॉलर होती, पुढच्या वर्षी ती ६१ कोटींच्या आत आली. १८१६ पासून चालत आलेल्या रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता हे खरं, पण तो पेलण्यापुरता खप उरला नव्हता हेही तितकंच खरं. अमेरिकी पत्रकारांनी या मंदीला 'ट्रम्प स्लम्प' असं नावच देऊन टाकलं.

आता बराक ओबामांचा काळ पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला आणि बंदुकांवर निर्बंध येणार अशी चर्चा सुरू झाली. त्या एका महिन्यात बंदूक खरेदीसाठी लागणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा २७ लाखांच्या पुढे गेला. हा आकडा कुणा कार्यकर्त्याचा नाही, एफबीआयचा आहे. पॉइंट टू टू हे सगळ्यात स्वस्त काडतूस. पोरं नेमबाजी शिकतात ती त्याच्यावर. तेच दुकानांतून गायब झालं. वॉलमार्टने एका गिऱ्हाईकाला दिवसाला तीनच खोकी, असा नियम केला. निर्बंधांचं विधेयक सिनेटमध्ये पडलं, तरी टंचाई बराच काळ हटली नाही. तेव्हा ओबामांना उपहासाने 'देशातला सर्वोत्तम बंदूक विक्रेता' म्हटलं जाई, ते उगाच नव्हे.

याचं कारण फार गहन नाही. कोरड्या जागी ठेवलेलं काडतूस वर्षानुवर्षं, कित्येकदा दशकानुदशकं टिकतं. उद्या मिळणार नाही असं वाटलं की माणूस आजच दहा खोकी उचलतो. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवलेलं घर दिवाळीपर्यंत वाण्याकडे फिरकत नाही, तसंच हे. भीतीपोटी झालेली विक्री म्हणजे पुढच्या दोन वर्षांची विक्री आधीच उरकलेली असते. मग 'आपला माणूस' सत्तेवर येतो, बंदीची भीती जाते आणि गिऱ्हाईक घरातला साठा वापरत बसतं. घाऊक व्यापाऱ्याची गोदामं भरलेली, दुकानदाराची फळी भरलेली. मागणी आटल्याची खबर सगळ्यात शेवटी पोचते ती कारखान्यात. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी, मग कामगारांच्या हातात नोटीस पडते.

इथे कुणीतरी लगेच म्हणतं, 'पण २०२० मध्ये तर ट्रम्पच अध्यक्ष होते, तेव्हा काडतुसं मिळत नव्हती ना?' बरोबर. त्या वर्षी महामारी होती, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर शहरं पेटली होती आणि वर्षाच्या शेवटी सत्ता जाणार हे दिसत होतं. म्हणजे भीतीची एक सोडून तीन कारणं. २०१९ मध्ये २ कोटी ८४ लाख असलेल्या एफबीआयच्या तपासण्या २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. खुर्चीत कोण बसलंय यावर हा धंदा चालत नाही. उद्या काय होईल या धास्तीवर चालतो. एवढी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, हे मात्र चमत्कारिक आहे.

त्याच २०२० मधला एक तपशील तर 'विक्री जास्त, म्हणून कारखाने सुरू' या तर्कटाचा पार निकाल लावतो. आर्कान्सॉ राज्यातल्या लोनोक गावी रेमिंग्टनचा काडतुसांचा मोठा कारखाना आहे. देशभर लोक खोकंभर काडतुसांसाठी दुकानं पालथी घालत होते, तेव्हा हा कारखाना जवळपास ठप्प होता आणि कामगार घरी बसले होते. जुलैमध्ये रेमिंग्टनने दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली होती. मागणी दारात उभी होती, कच्चा माल घ्यायला पैसा नव्हता. शेवटी व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने लिलावात रेमिंग्टनचा काडतुसांचा धंदा ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला आणि कामगारांना परत बोलवायला सुरुवात केली.

'मग कंपन्या उत्पादन वाढवत का नाहीत? माल दाबून ठेवत असणार!' हा त्याच्याच पाठोपाठ येणारा आरोप. उत्तर काडतुसाच्या रचनेतच आहे. त्याचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी प्रायमर. घोड्याचा आघात झाला की ठिणगी पाडणारी ही टिकली करंगळीच्या नखाहून लहान असते, पण सगळा खेळ तिथेच अडतो. तिच्यातलं मिश्रण कोरडं झालं की घर्षणानेही उडतं, म्हणून ते ओलं असतानाच कालवतात आणि ओलं असतानाच इवल्या धातूच्या वाट्यांत भरतात. चूक झाली तर हात जातो. त्यामुळे माणूस नेमला आणि सोमवारी यंत्रावर उभा केला, असं इथे होत नाही. मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावं अमेरिकेत मोजून चार: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. लोनोकच्या व्यवहारानंतर त्यांतली तीन एकाच मालकाची झाली. शिवाय तेजी ओसरणार हे मालकांना अनुभवाने ठाऊक असतं. दोन वर्षांच्या भीतीसाठी वीस वर्षांचा कारखाना कोण बांधेल? गुप्त गोदामांची कुजबुज इतकी वाढली, की डिसेंबर २०२० मध्ये फेडरलच्या अध्यक्षांना व्हिडिओ काढून सांगावं लागलं, की असं गोदाम नाही आणि अब्ज डॉलरच्या ऑर्डरी तुंबल्या आहेत.

कामगार कपात झाली म्हणजे मागणी पडली, हेही दरवेळी खरं नसतं. विंचेस्टरची मालकी असलेल्या ऑलिन कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये इलिनॉयमधल्या ईस्ट ऑल्टनच्या कारखान्यातलं मोठं काम मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला हलवायचं ठरवलं. सुमारे हजार नोकऱ्यांचा प्रश्न होता. काडतुसं तेव्हा चांगली खपत होती. मुद्दा मजुरीचा होता: कामगार संघटनेने सवलती नाकारल्या, मिसिसिपीने सवलती देऊ केल्या आणि यंत्रं दक्षिणेकडे निघाली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'ओबामा सरकारने जनतेला काडतुसं मिळू नयेत म्हणून स्वतःच ती विकत घेऊन टाकली.' अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये हिशेब तपासला. गृहसुरक्षा खात्याची काडतूस खरेदी २००९ पासून घटतच आली होती.

'शिशाची शेवटची भट्टी बंद पाडून काडतुसांवर चोरबंदी आणली.' मिझुरीतली हर्क्युलेनियमची भट्टी २०१३ अखेर बंद झाली, पण तिथे खनिजातून शिसं काढत. गोळ्यांसाठी लागणारं बरंचसं शिसं जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरातून येतं. हवेतल्या शिशाची मर्यादा दहापट कडक झाली होती ती २००८ मध्ये, जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीत.

'एफबीआयच्या तपासण्या म्हणजे विकलेल्या बंदुका.' नव्हे. केंटकीसारखं राज्य परवानाधारकांची दरमहा फेरतपासणी करतं, तीही त्यात मोजली जाते. तो आकडा बाजाराचा कल सांगतो, वह्यांमधली विक्री नाही.

'युक्रेनमध्ये युद्ध आहे, म्हणजे काडतूस कामगाराला मरण नाही.' तिथे तुटवडा आहे तो १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांचा. ते पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनसारख्या ठिकाणी पोलाद घडवून बनतात. मिनेसोटात नाइन एमएमची पितळी पुंगळी ओढणाऱ्या यंत्राला त्याचा उपयोग शून्य. उलट दारू तोफखान्याकडे वळल्याने तिचा तुटवडा आणि भाववाढ २०२४ मध्ये शिकाऱ्यांच्या वाट्याला आली.

या सगळ्याचा ताजा पुरावा ऑलिनच्याच कागदांत सापडतो. ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेवर आले त्या २०२५ मधले कंपनीचे तिमाही अहवाल सांगतात, की दुकानांत जाणाऱ्या काडतुसांची विक्री घसरली, लष्करी विक्री वाढली, तांबं-पितळ महागलं आणि नफा आक्रसला. म्हणजे एकाच कंपनीत सैन्याचं काम तेजीत आणि नागरी काम मंदीत.

हे वाचून 'खडकीतही असंच होणार' म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा खुलासा. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना, तसंच वरणगाव, देहूरोड, भंडारा आणि चंद्रपूरचे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. तिचं मुख्यालयही पुण्यातच. आपल्याकडे नागरी परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला असतो, त्यामुळे निवडणुकीच्या धास्तीने दुकानं रिकामी होण्याचा प्रश्नच येत नाही. मुख्य गिऱ्हाईक लष्कर. कामगार संघटनांनी विरोध केला तो महामंडळीकरणाला, आणि संप रोखण्यासाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. कर्मचारी नव्या कंपनीत गेले ते प्रतिनियुक्तीवर. त्यामुळे वरणगावचा कामगार वॉशिंग्टनचा निकाल बघत नाही. लष्कराची पुढच्या वर्षाची मागणी किती आणि प्रतिनियुक्तीनंतर आपली सेवा कुठल्या अटींवर, हे दोन प्रश्न तो संघटनेच्या बैठकीत विचारतो.