दाराशी उभा ब्राउन

1866 च्या 7 जुलैला लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक चिमुकला मजकूर आला. राणीसाहेब सकाळी कुठे फिरल्या, सोबत कोण होतं, रात्री जेवायला कोणाला बोलावलं, असं राजवाड्याचं पत्रक तेव्हा रोज वर्तमानपत्रांत छापून यायचं. 'पंच'नं तोच थाट उचलला आणि राणीच्या जागी नोकराचं नाव घातलं. श्रीयुत जॉन ब्राउन टेकडीवर फिरून आले, त्यांनी हॅगिसचा समाचार घेतला, संध्याकाळी बॅगपाइप ऐकण्याची कृपा केली आणि ते लवकर निजले. मजकूर संपला. आरोप एकही नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं.

राणी व्हिक्टोरिया तेव्हा 47 वर्षांची होती. पती आल्बर्ट जाऊन साडेचार वर्षं झाली होती. ती लोकांत मिसळत नव्हती, संसदेत क्वचित फिरकायची, वर्षातले कित्येक महिने लंडनपासून दूर काढायची. आणि जिथे जाईल तिथे गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश झगा घातलेला, दाढीवाला, तिच्याहून सात वर्षांनी लहान असा एक आडदांड गडी तिच्या तट्टाचा लगाम धरून चालायचा. लंडनच्या क्लबांत तिला 'मिसेस ब्राउन' म्हणायला सुरुवात झालीच होती.

आणला कोणी?

या प्रकरणातली पहिली गंमत अशी की ब्राउनला राणीजवळ आणलं ते तिच्याच माणसांनी. तो मूळचा स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इस्टेटीवरचा. शिकारीला आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवणं, तट्टू सांभाळणं, ओझी वाहणं, ही त्याची कामं. ऑक्टोबर 1863 मध्ये अंधारात राणीची घोडागाडी उलटली. तोंडाला मार लागला, अंगठा दुखावला. त्या गोंधळात डोकं ठिकाणावर ठेवून सगळ्यांना बाहेर काढणारा ब्राउनच होता.

पुढच्या वर्षी राणीनं स्वतःला इतकं कोंडून घेतलं की घरच्यांना आणि डॉक्टरांना काळजी वाटू लागली. तिनं निदान घोड्यावर बसावं, मोकळ्या हवेत जावं, म्हणून डिसेंबर 1864 मध्ये ब्राउनला आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये बोलावून घेतलं. औषध लागू पडलं. ते इतकं लागू पडलं की दोन महिन्यांत राणीनं त्याला कायमचं ठेवून घेतलं. वर्षाला 120 पौंड पगार, 'राणीचा हायलंड सेवक' असा हुद्दा, आणि खरी मेख पुढे होती: हुकूम फक्त राणीचा. तिच्या वाड्यातल्या कुठल्याही सरदाराला, अधिकाऱ्याला त्याच्यावर हुकूम चालवता येणार नव्हता.

दरबारात माणसाची किंमत तो मालकापर्यंत किती दारं ओलांडून पोचतो यावर ठरते. ब्राउनला एकही दार उरलं नाही. न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर तो थेट राणीच्या खोलीत हुकूम घ्यायला जायचा. बाकीचे, म्हणजे मंत्री, सरदार, तिची स्वतःची मुलं, बाहेर ताटकळत.

पोर्ट्समथच्या महापौरांची फजिती

सर हेन्री पॉन्सनबी हे राणीचे खासगी सचिव. अत्यंत मुरब्बी, शब्द तोलून वापरणारे. एकदा पोर्ट्समथचे महापौर त्यांच्याकडे आले. स्वयंसेवक सैनिकांच्या संचलनाला राणीसाहेब येतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पॉन्सनबींनी निरोप आत पाठवला. नकार आला तर तो किती गोडीनं सांगायचा, याची जुळवाजुळव त्यांच्या मनात चालली असणार. तेवढ्यात दार किलकिलं झालं, ब्राउनचं डोकं आत आलं आणि त्यानं आपल्या ठसकेबाज स्कॉटिश बोलीत सांगून टाकलं की राणी म्हणतात, मुळीच नाही. डोकं परत गेलं. महापौर चेहरा पाडून घरी गेले.

राणीशीही तो असाच बोलायचा. तिची शाल टाचताना टाचणी हनुवटीला टोचली आणि ती हलली, तेव्हा 'अगं बाई, मान जरा स्थिर ठेवता येत नाही का?' अशा अर्थाचं काहीतरी तो खेकसला, असं सांगतात. एका सहलीत तिनं त्याच्या हातच्या चहाचं कौतुक केलं, तर त्याचं उत्तर असं की चांगला होणारच, त्यात व्हिस्कीचा चांगला घोट घातलाय. तो स्वतःही भरपूर प्यायचा. एकदा पिऊन धाडकन पडला तेव्हा राणीनं आपल्यालाही भूकंपाचा हादरा जाणवला, असं सांगून वेळ मारून नेली, हा किस्सा दरबारी लोक नंतर वर्षानुवर्षं चघळत राहिले.

अठराव्या वर्षी गादीवर बसलेल्या बाईशी असं बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिला उचलून घोड्यावर बसवणारा, तिच्यावर चिडणारा, तिच्या पायांत घोंगडी गुंडाळणारा माणूस एकच होता. हे पाहून जे चिडले त्यांना चिडण्याचं खरं कारण चारचौघांत सांगता येत नव्हतं. 'आम्हाला बाहेर थांबावं लागतं' असं म्हणण्यापेक्षा 'आत काहीतरी चाललंय' असं म्हणणं केव्हाही सोयीचं.

स्वित्झर्लंडमधून आलेली बातमी

'पंच'नंतर दोनच महिन्यांनी स्वित्झर्लंडच्या 'गॅझेट द लोझान'नं सगळ्यांवर कडी केली. राणीनं ब्राउनशी गुपचूप लग्न केलंय आणि तिला दिवस गेलेत, असं त्यानं छापलं. बर्नमधल्या ब्रिटिश वकिलानं रागानं स्विस सरकारकडे रीतसर तक्रार केली. ज्या परगावच्या कागदाकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याला या तक्रारीनं मोठं केलं.

1867 साली आगीत तेल पडतच राहिलं. रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात एडविन लँडसियरनं काढलेलं मोठं चित्र लागलं. काळ्या घोड्यावर काळ्या पोशाखातली राणी, आणि लगाम धरून काळ्या कपड्यांतला ब्राउन. राणीला या चित्रात आपलं दुःख दिसत होतं, प्रेक्षकांना फक्त ब्राउन दिसला. ऑगस्टमध्ये 'टोमाहॉक' साप्ताहिकानं रिकाम्या सिंहासनाला टेकून उभा असलेला ब्राउन काढला, आणि पुढ्यात गुरगुरणारा ब्रिटनचा सिंह.

दरम्यान हाइड पार्कमध्ये लष्करी संचलन ठरलं होतं. ब्राउन राणीच्या गाडीवर दिसला तर गर्दी हुर्यो उडवील, या भीतीनं पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांच्या मंत्रिमंडळाला घाम फुटला. ब्राउनला घरी ठेवा, असं राणीला सुचवण्यात आलं. ती भडकली. मागे हटायला कोणीच तयार नाही. इतक्यात मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याला गोळ्या घातल्याची बातमी आली. दोन्ही राजघराण्यांचं नातं होतं, दुखवटा जाहीर झाला, संचलन रद्द. अटलांटिकपलीकडच्या एका मृत्यूनं लंडनच्या मंत्र्यांची लाज राखली.

सुवर्णपदक आणि टायपिन

29 फेब्रुवारी 1872. राणीची गाडी बकिंगहॅम राजवाड्यात शिरत होती. आर्थर ओकॉनर नावाचा एक पोरगेला तरुण कुंपण ओलांडून आत घुसला आणि त्यानं तिच्यावर पिस्तूल रोखलं. ब्राउननं त्याला धरलं. पिस्तूल चालण्याच्या स्थितीतच नव्हतं हे नंतर कळलं, पण त्या क्षणी ते कोणाला ठाऊक होतं? राणीनं ब्राउनला सुवर्णपदक दिलं, शिवाय वर्षाला 25 पौंडांची तहहयात नेमणूक. राजपुत्र आर्थरही त्या गाडीत होता. त्याला सोन्याची टायपिन मिळाली. यावरून थोरला भाऊ बर्टी, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, चांगलाच कुरकुरला.

नोकराला पदक आणि राजपुत्राला टायपिन! बर्टीनं तो हिशोब मनात जपून ठेवला.

पाच तोंडांचं लग्न

लग्न झालं होतं का? या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे लुइस हारकोर्टची रोजनिशी. राणीचे लाडके धर्मोपदेशक नॉर्मन मॅक्लाउड यांनी मरणशय्येवर आपल्या बहिणीला सांगितलं की राणीचं ब्राउनशी लग्न मीच लावलं आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो. बहिणीनं ते लेडी पॉन्सनबींना सांगितलं. त्यांनी गृहमंत्र्यांना, म्हणजे लुइसच्या वडिलांना सांगितलं. आणि मुलानं ते 1885 मध्ये लिहून ठेवलं, मॅक्लाउड वारल्यावर तब्बल 13 वर्षांनी. एवढ्या तोंडांतून गेलेली गोष्ट कोर्टात उभी राहत नाही. पण त्यातलं एक तोंड राणीच्या खासगी सचिवाच्या बायकोचं आहे, हे विसरून चालत नाही. अफवा झोपडपट्टीत जन्मली नव्हती. ती वाड्याच्या आतच पाळण्यात वाढत होती.

ब्राउन 27 मार्च 1883 ला विंझरला वारला. राणीनं त्याच्यावर एक चरित्र लिहायला घेतलं. विंझरचे तरुण धर्माधिकारी रँडल डेव्हिडसन यांनी ते छापू नका म्हणून हात जोडले, राजीनाम्याची तयारी दाखवली. राणी काही दिवस त्यांच्याशी फटकून वागली, मग पुस्तकाचं नाव निघालं नाही. ब्राउननं स्वतः लिहिलेली रोजनिशी पॉन्सनबींनी नष्ट केली. या प्रकरणातली ही पहिली होळी.

आग्र्याचा मुन्शी

चार वर्षांनी इतिहासानं तोच खेळ नव्या पात्राला घेऊन मांडला. राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी जून 1887 मध्ये आग्र्याहून दोन हिंदुस्थानी खिदमतगार आले. त्यातला 24 वर्षांचा अब्दुल करीम आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता. ऑगस्टमध्ये त्यानं वाड्यात चिकन करी, डाळ आणि पुलाव रांधला. मग राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी शिकू लागली. वर्षभरात तो 'मुन्शी' झाला आणि त्याला जी खोली मिळाली ती एकेकाळी ब्राउनची होती. दरबाऱ्यांनी कपाळावर हात मारला.

या वेळी पायरीच्या चिडीला वर्णाची जोड होती. करीमनं आपले वडील मोठे डॉक्टर असल्याचं सांगितलं होतं. फ्रेडरिक पॉन्सनबी (सर हेन्रींचा मुलगा) हिंदुस्थानातून येताना आग्र्याला त्यांना भेटून आला. ते तुरुंगातले औषधं देणारे कर्मचारी निघाले. त्यानं हे राणीला सांगितलं. राणीचं म्हणणं, तू भलत्याच माणसाला भेटलास. आणि पुढचं वर्षभर फ्रेडरिकला तिच्या जेवणाच्या टेबलावर जागा मिळाली नाही.

1897 मध्ये फ्रान्समधल्या सिमिएच्या सफरीआधी सगळा दरबारी कबिला बिथरला. मुन्शी आला तर आम्ही राजीनामे देतो, हा निरोप घेऊन हॅरिएट फिप्स या खासगी सेविका आत गेल्या. राणीनं टेबलावरच्या सगळ्या वस्तू एका हातानं जमिनीवर लोटल्या. राजीनामा कोणी दिला नाही, आणि मुन्शी गेला.

तिथे त्याचा मित्र रफिउद्दीन अहमद येऊन पोचला. हा गृहस्थ आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेला बॅरिस्टर, लंडनच्या नियतकालिकांत लिहिणारा. दरबाऱ्यांना त्यात हेरगिरीचा वास आला आणि राणीचे तेव्हाचे खासगी सचिव सर आर्थर बिग यांनी त्याला दोन दिवसांत वाट दाखवली. हाच माणूस पुढे मुंबई इलाख्यात मंत्री झाला आणि 'सर' किताब मिरवू लागला. ज्या सरकारच्या दारातून त्याला बाहेर काढलं, त्याच सरकारच्या खुर्चीवर तो बसला.

शवपेटीतलं गुपित

22 जानेवारी 1901 ला राणी ऑस्बर्नला वारली. शवपेटीत काय काय ठेवायचं, याच्या गुप्त सूचना तिनं डिसेंबर 1897 मध्येच लिहून ठेवल्या होत्या. त्या अमलात आणण्याचं काम डॉक्टर सर जेम्स रीड यांच्याकडे आलं. आल्बर्टचा घरात घालायचा झगा ठेवला, त्याच्या हाताचा प्लास्टरचा साचा ठेवला. मग डॉक्टरांनी राणीच्या डाव्या हातात ब्राउनचा फोटो आणि त्याच्या केसांची बट ठेवली, वर टिश्यू कागद गुंडाळला आणि घरच्यांना दिसू नये म्हणून फुलं रचली. उजव्या हातात ब्राउनच्या आईची अंगठी होती. हे सगळं रीड यांच्या कागदांतून 1987 मध्ये जगापुढे आलं.

बर्टी आता राजा झाला होता. ब्राउनचे अर्धपुतळे फुटले, बाल्मोरलचा पूर्णाकृती पुतळा आड जागी हलला. मुन्शीच्या घरी माणसं पाठवून राणीची पत्रं जाळण्यात आली आणि त्याला आग्र्याला परत पाठवलं. धाकटी बहीण बिएट्रिसनं आईच्या रोजनिशीची शुद्ध प्रत 111 वह्यांत उतरवली, आणि मूळ पानं आगीत टाकली. तरीही काहीतरी निसटलंच होतं. बाल्मोरलच्या जुन्या कारभाऱ्याच्या घरात राणीची ब्राउनविषयीची तीनशेहून जास्त पत्रं निघाली. 1905 मध्ये डॉक्टर रीड यांनी घासाघीस करून ती मिळवली आणि राजाच्या हवाली केली. रीड यांच्या टिपणांप्रमाणे त्यातली बरीच पत्रं अडचणीत आणणारी होती. नंतर ती कोणी पाहिली नाहीत. करीमकडे गिरवलेल्या हिंदुस्थानी वह्या मात्र वाचल्या, कारण जाळणाऱ्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. लेखिका श्राबणी बसूंनी त्या लक्ष देऊन पाहिल्या, आणि 2017 मध्ये त्यावर सिनेमा आला. अभिनेत्री जूडी डेंच त्यात पुन्हा व्हिक्टोरिया झाली. ब्राउनवरच्या 1997 च्या सिनेमातही तीच होती.

विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असं या प्रकरणावर कोणीही म्हणतं. इथे विस्तव लावला तो अफवा विझवू पाहणाऱ्यांनी. जळालेल्या प्रत्येक कागदात वाचकानं आपल्याला हवी ती ओळ लिहिली. लग्नाचा खात्रीचा पुरावा आजवर सापडलेला नाही. सापडतो तो एका एकट्या बाईचा दोन नोकरांवरचा गाढ जीव, आणि त्यामुळे बाहेर थांबावं लागलेल्यांचा संताप.

ही होळी पेटवणाऱ्या सातव्या एडवर्डची स्वतःची कीर्ती काय होती, हे लंडनमध्ये पोराटोरांना ठाऊक होतं. 1902 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्याच्या मैत्रिणींसाठी खास सज्जा राखून ठेवला होता. थट्टेखोरांनी त्या सज्ज्याला घोड्यांच्या तबेल्यातलं नाव दिलं. त्या बायका सरदारघराण्यांतल्या, मेजवान्यांत उठबस असलेल्या होत्या, म्हणून कोणाचा राजीनामा आला नाही की कोणी पुतळे हलवले नाहीत. राजघराण्यातल्या प्रेमप्रकरणाचं या मंडळींना कधीच वावडं नव्हतं. तट्टू हाकणारा गडी आणि तुरुंगातला कारकून दारापाशी उभे राहतात आणि सरदारांना थांबायला सांगतात, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.